शत्रू ज्या घरात उतरला: ईसी-लेव्हेक गावात लिहिलेली एक प्रेमकथा

१ जुलै १९४१. बर्गंडीतल्या ईसी-लेव्हेक या लहानशा गावातून जर्मन तुकडी निघाली होती. जाता जाता त्यांच्यातल्या एका हवालदारानं मागून येणाऱ्या सोबत्यांसाठी एक चिठ्ठी लिहून ठेवली. आम्ही बरेच दिवस एपस्टाइन कुटुंबाच्या सहवासात राहिलो, माणसं सभ्य आहेत, मदतीला तत्पर आहेत, त्यांच्याशी तसंच वागा, असा तिचा आशय. शेवटी रिवाजाप्रमाणे हिटलरचा जयजयकार.

एपस्टाइन कुटुंब ज्यू होतं.

त्या घरातली बाई म्हणजे लेखिका इरेन नेमिरोव्स्की. ती त्याच सुमारास एका चामडी बांधणीच्या वहीत 'स्वीत फ्राँसेझ' ही कादंबरी लिहीत होती. कादंबरीच्या दुसऱ्या भागाचं नाव 'दोल्चे'. संगीतात हा शब्द 'गोड, हळुवार' अशा सूचनेसाठी वापरतात. त्या भागात एक फ्रेंच खेडं आहे, एक तरुण बाई आहे, तिचा नवरा जर्मनांच्या कैदेत आहे आणि तिच्या घरात एक जर्मन अधिकारी मुक्कामाला आला आहे. दोघं एकमेकांत गुंततात. इरेननं हे लिहिलं आणि १३ जुलै १९४२ ला, त्या चिठ्ठीला जेमतेम वर्ष होतं तेव्हा, तिला अटक झाली. १७ ऑगस्टला ती आउशवित्झच्या नाझी छळछावणीत मरण पावली. वय ३९.

युद्धाच्या पार्श्वभूमीवरच्या खेड्यातल्या प्रेमकथा ढिगानं लिहिल्या जातात. गहू डोलतो, गाडी सुटते, पत्रं येतात, डोळे भरतात. या एकाच कादंबरीवर एवढं लिहायचं कारण असं की इथे लेखिका कथेतल्या प्रसंगाच्या आत उभी होती. युद्ध कोण जिंकणार हे तिला माहीत नव्हतं. आपण जगणार नाही, याचा मात्र तिला अंदाज होता. ११ जुलै १९४२ ला तिनं आंद्रे साबातिये या आपल्या प्रकाशनातल्या माणसाला कळवलं होतं की अलीकडे पुष्कळ लिहिलंय, हे सगळं मरणोत्तर साहित्य ठरेल बहुधा, पण त्यानं वेळ जातो. असं जाणून बसलेली बाई शत्रूच्या गणवेशातल्या एका माणसाला पियानो वाजवायला बसवते. तिला हे कसं जमलं आणि का करावंसं वाटलं, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

हॉटेलातली वस्ती

इरेन १९०३ मध्ये कीव्हमध्ये जन्मली. वडील बडे बँकर. रशियन क्रांतीनंतर कुटुंब फिनलंड, स्वीडन करत १९१९ ला फ्रान्समध्ये पोचलं. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठात साहित्य शिकली, १९२६ मध्ये मिशेल एपस्टाइनशी लग्न झालं. तोही रशियातून आलेल्या बँकर घराण्यातला. १९२९ ला 'दाविद गोल्डर' ही कादंबरी आली आणि ती एका रात्रीत प्रसिद्ध झाली. म्हणजे फ्रान्सनं तिला वाचलं, डोक्यावर घेतलं, पण नागरिकत्व काही दिलं नाही. १९३८ मधला तिचा अर्ज फळाला आला नाही. १९३९ च्या फेब्रुवारीत कुटुंबानं कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. पुढे त्याचाही उपयोग झाला नाही.

युद्ध सुरू होताच देनीझ आणि एलिझाबेथ या दोन मुलींना ईसी-लेव्हेकला, त्यांना सांभाळणाऱ्या दाईच्या आईकडे पाठवलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आईवडीलही तिथे आले. १९४० च्या पराभवानंतर फ्रान्सचे दोन भाग झाले होते, आणि सोन-ए-ल्वार जिल्ह्यातलं हे गाव जर्मनव्याप्त भागात पडत होतं. सीमारेषेपलीकडचा अव्याप्त भाग फारसा लांब नव्हता. ती दोघं पलीकडे का गेली नाहीत, हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतं. मला वाटतं, उत्तर त्यांच्या स्वभावात आहे. आपण फ्रान्सचे आहोत, फ्रान्स आपल्याला असा वाऱ्यावर सोडणार नाही, ही समजूत त्यांना शेवटपर्यंत पुरली.

आधी ती गावातल्या 'ओतेल दे व्होयाजर'मध्ये, म्हणजे प्रवाशांच्या हॉटेलात राहिली. त्याच हॉटेलात जर्मनही उतरलेले. मिशेलला जर्मन येत असे, त्यामुळे तो दुभाषाचं काम करी, सैनिकांबरोबर बिलियर्ड खेळे. इरेन हे सगळं रोज बघत होती: जेवणाच्या खोलीतले बूट, घरच्या पत्राची वाट पाहणारी विशीतली पोरं, त्यांच्याशी बोलावं की नाही या पेचात पडलेल्या गावच्या बायका. कादंबरीतलं ब्यूसी हे गाव असं तिच्या डोळ्यांसमोर होतं. संशोधनाला ग्रंथालयात जायची गरजच नव्हती.

त्याच वेळी तिच्याभोवतीचा फास आवळत होता. ३ ऑक्टोबर १९४० ला व्हिशी सरकारनं, म्हणजे पराभवानंतर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या फ्रेंच सरकारनं, ज्यूंवर निर्बंध घालणारा कायदा केला. हा कायदा फ्रेंच सरकारनं स्वतःच्या सहीनं केला, हे लक्षात ठेवायला हवं. स्वतःच्या नावानं छापणं तिला अशक्य झालं. काही काळ टोपणनावानं कथा छापल्या. प्रकाशक आल्बँ मिशेल यांनी मासिक रक्कम चालू ठेवली, त्यावर घर चाललं. जून १९४२ पासून ज्यूंची खूण म्हणून सक्तीचा केलेला पिवळा तारा कपड्यांवर शिवावा लागला, तिला आणि शाळकरी देनीझलाही. शाई नि कागद वाचवायला इरेनचं अक्षर मुंगीएवढं होत गेलं. ती रोज लांबवर पायी रानात जाई, जागा बघे आणि बसून लिही.

गाव काय करतं

आता कादंबरीच्या आत जाऊ. 'दोल्चे' १९४१ च्या ईस्टरला सुरू होतं आणि १ जुलैला संपतं. म्हणजे जेमतेम अकरा आठवडे. पहिल्याच वाक्यात आंजेलिये यांच्या घरात कागदपत्रं, चांदीची भांडी आणि पुस्तकं कडीकुलपात जात आहेत, कारण जर्मन येणार आहेत. सुरुवात ना तोफांनी होते, ना सौंदर्यवर्णनानं. ती किल्ल्यांच्या जुडग्यानं होते.

घरात दोन बायका. मादाम आंजेलिये, म्हणजे सासूबाई. जमीनजुमला, हिशेब, घराण्याची अब्रू या तिन्हींवर नजर ठेवणाऱ्या. आणि सून ल्युसील. मुलगा गास्तों जर्मनीत युद्धकैदी आहे. १९४० च्या पराभवात सुमारे १८ लाख फ्रेंच सैनिक कैद झाले आणि त्यातले बहुतेक जर्मनीतल्या छावण्यांत गेले. त्यामुळे त्या काळच्या फ्रेंच खेड्यात कर्ती तरुण माणसंच नव्हती. हे एक वास्तव धरलं की कादंबरीची निम्मी रचना आपोआप उभी राहते. शेतं बायका आणि म्हातारे कसतात, पत्रांची वाट बघतात, आणि गावात तरुण पुरुष दिसतात ते फक्त हिरवट गणवेशातले.

त्यात गास्तों काही गुणाचा नवरा नाही. दिजोंमध्ये त्याची दुसरी बाई आहे, तिच्यापासून मूल आहे, आणि हे ल्युसीलला ठाऊक आहे. सासूबाईंना मात्र मुलगा म्हणजे देवघरातली मूर्ती. तो नसल्यानं घरात हसायचंसुद्धा नाही, असा अलिखित नियम. आपल्याकडे मराठा लाइट इन्फंट्रीतले जवान इटलीत लढत होते तेव्हा त्यांच्या घरांतही अशी वाट पाहणं होतंच. नवरा लांब आणि सासू दारात, हे चित्र मराठी वाचकाला परकं नाही. परका आहे तो पुढचा भाग: शत्रू त्याच घरात, नवऱ्याच्याच खोलीत राहायला येतो.

ब्रूनो फॉन फाल्क हा लेफ्टनंट. पेशानं, किंबहुना मनानं, संगीतकार. तो घरात येतो आणि पियानोची नि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली नम्रपणे मागतो. ही मागणी मला फार महत्त्वाची वाटते. जेत्याला किल्ली मागायची गरज नसते, तो कुलूप फोडू शकतो. मागितली की देणाऱ्याला होय किंवा नाही म्हणावं लागतं, आणि तिथेच घरच्या माणसाची अडचण सुरू होते. सासूबाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत; त्यांच्यासाठी तो भिंत आहे. ल्युसील बघते. पुढचं सगळं या बघण्यातून येतं.

मात्र या दोघांपुरतीच ही गोष्ट असती तर मी तिच्यावर एवढं लिहिलं नसतं. ब्यूसी गाव सारखं मध्ये येतं, आणि त्याची वागणूक इरेननं निर्दयपणे अचूक टिपली आहे. एक प्रसंग घ्या. पेरँ बायकांचं घर जर्मनांनी ताब्यात घेतलंय. त्यांना आपल्या काही वस्तू परत हव्यात, मग त्या ल्युसीलला गळ घालतात: तुमच्याकडे अधिकारी राहतो, तुमची ओळख, जरा बघा ना. ल्युसील यादी घेऊन त्या घरात जाते. जर्मन अधिकारी यादीबरहुकूम वस्तू काढून देतात. म्हणजे ज्या ओळखीवरून गाव ल्युसीलला नावं ठेवणार, त्याच ओळखीचा गाव वापर करून घेतो. हे ज्यानं कुणी खेड्यात काढलंय त्याला सांगायला नको.

दुसरा प्रसंग गावातल्या शिवणकाम करणाऱ्या मुलीचा. तिचा एका जर्मन सैनिकाशी संबंध आहे. ल्युसील हादरते, विचारते. ती मुलगी शांतपणे सांगते की जर्मन असो की फ्रेंच, आधी तो पुरुष आणि मी बाई. तो सभ्य आहे, मऊ बोलतो, आवडतो, बस. ल्युसीलला हे उत्तर पचत नाही आणि विसरताही येत नाही. इथे वर्गाचा फरक आहे. शिवणारी मुलगी सरळ बोलू शकते, कारण तिच्याकडे घराण्याचं नाव नाही, जमीन नाही, सासू नाही. ल्युसीलच्या मनात तेच आहे, पण शब्दाला कुलूप. पुढे मुक्तीनंतर १९४४ आणि १९४५ मध्ये फ्रान्समध्ये जवळपास २०,००० बायकांची डोकी भर चौकात भादरली गेली, जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून. इरेननं हे पाहिलं नाही. पण शिवणाऱ्या मुलीचं ते साधं वाक्य मी आता वाचते तेव्हा तो चौक मला दिसतो.

खून आणि त्यानंतरचं घर

गावाच्या दुसऱ्या टोकाला बेन्वा नावाचा शेतकरी आहे. कैदेतून पळून आलेला, तापट, गर्विष्ठ. बायको मादलेन. १९४० च्या जूनमध्ये, जर्मन चाल करून आले त्या पळापळीच्या दिवसांत, एका जखमी फ्रेंच सैनिकाची तिनं शुश्रूषा केली होती. त्याला ती विसरलेली नाही, आणि हे बेन्वाला जाणवतं. त्यांच्या शेतावरच्या घरात बॉने नावाचा जर्मन दुभाषा उतरलेला आहे. तो मादलेनच्या मागे मागे असतो. बेन्वानं बंदूक लपवून ठेवली आहे, हत्यार बाळगलं तर मरणाची शिक्षा असताना.

आणि मग येतात गावच्या मेयरच्या पत्नी, मादाम दे मोंमोर. जहागिरदारीण, धर्मशील, कैद्यांना पार्सलं पाठवण्यात पुढे. रात्री त्यांच्या बागेत बेन्वा चोरी करताना सापडतो. दोघांत कडाक्याचं भांडण होतं. त्यांच्या घरून खबर जर्मनांपर्यंत जाते. झडतीला बॉने येतो आणि बेन्वा त्याला गोळी घालतो.

या मालिकेत जर्मन क्रौर्य कुठे आहे, हे शोधून पाहा. खुनाकडे नेणारी प्रत्येक पायरी फ्रेंच आहे: जहागीर आणि शेतकरी यांच्यातलं वैर, बागेतल्या चार दाण्यांवरून झालेलं भांडण, नवऱ्याचा संशय, चुगली. व्याप्त फ्रान्सविषयी नंतर इतिहासकारांनी जे मोठमोठे ग्रंथ लिहिले, त्यातलं पुष्कळसं इरेननं एका खेड्यातल्या एका रात्रीत मांडून ठेवलं आहे. तिच्या वहीतलं एक वाक्य याच्याशी जुळतं. हा देश मला नाकारतो आहे, तर मग त्याच्याकडे थंडपणे पाहू या, त्याला आपली अब्रू आणि आपला प्राण गमावताना पाहू या, अशा अर्थाचं ते आहे.

मादलेन ल्युसीलकडे धावत येते. बेन्वाला लपवायचं कुठे? ल्युसीलचं उत्तर चटकन येतं: माझ्या घरात. जर्मन अधिकारी राहतो त्या घराची झडती कोण घेईल? इथे सासूबाईंनी मला चकित केलं. ज्या सुनेकडे त्या इतके दिवस संशयानं बघत होत्या, तिच्यासोबत त्या उभ्या राहतात, बेन्वाला आपल्याकडे लपवतात. आयुष्यात पहिल्यांदा दोघी एका बाजूला येतात. इरेनला माणसांचा हा गुण पक्का ठाऊक होता: जी बाई मायेसाठी हलत नाही, ती वैरासाठी हलते.

आणि बॉने हा ब्रूनोचा मित्र होता. म्हणजे ल्युसील आता रोज संध्याकाळी ज्या माणसाशी बोलते, त्याच्या मित्राचा मारेकरी त्याच छपराखाली आहे. प्रेमकथेची गाठ इथे बसते. ती ब्रूनोकडे प्रवासाचा परवाना आणि पेट्रोलचं कूपन मागते, काहीतरी निमित्त सांगून. तो फार न विचारता देतो. त्याला काय कळलं असेल, याचा निकाल लेखिका देत नाही.

नकार

प्रेमकथांत वाचक ज्या क्षणाची वाट पाहतो, तो क्षण इथे येतो आणि मोडतो. ब्रूनो तिला जवळ ओढतो आणि ल्युसील त्याला दूर लोटते. नाही, कधीच नाही. हा नकार नवऱ्यासाठी नाही. त्या नवऱ्याशी तिचं काय देणंघेणं? देशासाठी म्हणावं तर तेही पुरतं खरं नाही. देशभक्तीच्या नावानं गावानं काय काय केलं, ते तिनं पाहिलंय. समूहाचा, पोळ्यातल्या माशीसारखं जगण्याचा तिला तिटकारा आहे आणि तो तिनं ब्रूनोला बोलून दाखवलाय. मला असं दिसतं की त्या क्षणी तिच्या शरीरालाच तो परका वाटतो. बोलताना तो ब्रूनो असतो, मिठीत घेताना तो एका सैन्याचा होतो. ती स्वतःला समूहातून बाहेर काढायला निघालेली बाई. आणि समूह तिच्या अंगात इतका खोल रुतलेला की तो तिच्या आधी नाही म्हणतो.

बहुतेक लेखक इथे दोनांतला एक रस्ता घेतात. एक तर प्रेम जिंकतं आणि युद्ध कथेपुरतं विसरलं जातं; किंवा शत्रूचा खरा चेहरा उघडा पडतो आणि नायिका सुटकेचा श्वास टाकते. इरेन ब्रूनोला शेवटपर्यंत चांगलाच ठेवते. तो लबाड निघाला असता तर ल्युसीलचं काम किती सोपं झालं असतं.

त्याच काळात झाँ ब्रुलेर या फ्रेंच माणसानं 'व्हेर्कोर' या नावानं हाच प्रसंग घेऊन एक छोटी कथा लिहिली. 'समुद्राचं मौन' असं तिच्या नावाचं भाषांतर होईल. १९४२ मध्ये ती गुप्तपणे छापली गेली. तिथेही घरात उतरलेला संगीतप्रेमी जर्मन अधिकारी आहे, घरात काका आणि पुतणी आहेत. पण ती दोघं त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत; मौन हाच त्यांचा प्रतिकार. ती कथा लढणाऱ्यांसाठी लिहिलेली आहे आणि त्या कामाला ती चोख आहे. 'दोल्चे'त मात्र माणसं बोलतात. साखरेबद्दल, पावसाबद्दल, कुत्र्याबद्दल, घरी राहिलेल्या बायकोबद्दल बोलतात, कारण एका छपराखाली अकरा आठवडे कुणाला गप्प बसता येत नाही. खेड्यातलं राहणं म्हणून मला 'दोल्चे' जास्त खरं वाटतं.

आक्षेप

या कादंबरीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. त्यात ज्यू पात्रंच नाहीत. पिवळा तारा लावून फिरणारी लेखिका एका व्याप्त गावाची कादंबरी लिहिते आणि त्या गावात तिच्यासारखं कुणी नाही. त्यात तिच्या आधीच्या लेखनातली ज्यू माणसांची चित्रं कठोर, कधी कधी ज्यूद्वेष्ट्यांच्या साच्यातली. 'ग्रँग्वार'सारख्या ज्यूद्वेष्ट्या साप्ताहिकात तिनं कथा छापलेल्या. अटकेनंतर मिशेलनं जर्मन राजदूत ऑटो आबेट्झ याला मदतीसाठी लिहिलं, त्यात त्यानं माझी पत्नी ज्यू असली तरी तिच्या पुस्तकांत ज्यूंविषयी माया नाही, असा मुद्दा मांडला. बायकोला वाचवायला निघालेल्या माणसाचं ते वाक्य वाचताना पोटात कालवतं.

आक्षेप खरा आहे. मला तो पुस्तकाचा दोष म्हणून पुरता मान्य होत नाही, एवढंच. इरेनला मोठी पाच भागांची कादंबरी लिहायची होती, सुमारे १,००० पानांची. तॉल्स्तॉयचं 'युद्ध आणि शांती' आणि बेथोवनची पाचवी सिंफनी तिच्यासमोर होती. तिसऱ्या भागाचं नाव ठरलं होतं 'कैद'. लिहून झाले ते दोनच भाग, 'जूनमधलं वादळ' आणि 'दोल्चे'. जे लिहायचं राहिलं, त्यात काय आलं असतं, यावर मी पैज लावणार नाही. पण दोन पंचमांश इमारत पाहून तळघर का नाही, असं विचारताना जपून विचारावं.

शिवाय २८ जून १९४१ ची वहीतली नोंद आहे. जर्मन चाललेत, एक दिवस उदास होते, आता पुन्हा आनंदात आहेत, असं ती लिहिते. आणि पुढे शपथ घेते की आपला कडवटपणा, तो कितीही रास्त असला तरी, एका अख्ख्या समूहावर पुन्हा कधी काढणार नाही. वंश, धर्म, मतं काहीही असोत. या बिचाऱ्या पोरांची दया येते, असंही म्हणते. काही ठरावीक माणसांना मात्र क्षमा करू शकत नाही. ब्रूनो या शपथेतून आला आहे. त्याला घडवताना इरेन भोळी नव्हती. ज्या पद्धतीनं तिला एका समूहात कोंबून संपवायचं चाललं होतं, ती पद्धत आपल्या कागदावर तरी वापरायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

वहीनंतर

११ जुलै १९४२ ला ती रानात होती. पाइनची झाडं, आदल्या रात्रीच्या वादळानं भिजून कुजलेली पानं, त्यांच्या समुद्रात निळं स्वेटर अंथरून, तराफ्यावर बसावं तशी पाय मुडपून बसलेली. पिशवीत 'आना कारेनिना'चा दुसरा खंड, कॅथरिन मॅन्सफिल्डची रोजनिशी आणि एक संत्रं. भुंगे गुणगुणत होते, त्यांची तिनं आपुलकीनं नोंद केली आहे.

१३ तारखेला दारात आले ते फ्रेंच शिपाई. पितिविए इथली छावणी, १७ जुलैला आउशवित्झकडे जाणारी सहाव्या क्रमांकाची गाडी, महिनाभरात मृत्यू. मिशेलला ती गेल्याचं कळलंच नाही. तो पत्रं लिहीत राहिला, तिच्या जागी मला घ्या म्हणाला. ऑक्टोबरमध्ये त्यालाही नेलं, नोव्हेंबरमध्ये आउशवित्झला पाठवलं, तिथून तोही परतला नाही. दोन्ही मुलींनाही पकडलं होतं. देनीझनं पुढे सांगितलं की एका जर्मन अधिकाऱ्यानं लहानग्या एलिझाबेथकडे पाहिलं, खिशातून स्वतःच्या मुलीचा फोटो काढून दाखवला आणि त्यांना जाऊ दिलं. कादंबरीकारानं असा प्रसंग रचला तर मी तो काढून टाकायला सांगितला असता.

मग ज्युली द्युमो या पालक बाईबरोबर मुली तळघरांतून, मठातून लपत राहिल्या. बरोबर एक सुटकेस होती, आणि सुटकेसमध्ये ती वही. देनीझला वाटे की ही आईची रोजनिशी आहे. उघडून वाचायचं धाडस होईना. कित्येक वर्षांनी तिनं भिंग घेऊन ते मुंगीएवढं अक्षर उतरवून काढायला घेतलं, तेव्हा कळलं की ही कादंबरी आहे. धाकटी एलिझाबेथ तोवर संपादक झाली होती. तिनं १९९२ मध्ये आईचं कल्पित आत्मचरित्र लिहिलं आणि १९९६ मध्ये गेली. वही छापलेली तिनं पाहिली नाही. २००४ मध्ये देनोएल प्रकाशनानं 'स्वीत फ्राँसेझ' या नावानं दोन्ही भाग काढले आणि त्या वर्षीचा रनोदो हा फ्रेंच साहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. मृत लेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. नंतर इंग्रजीसह अनेक भाषांत भाषांतरं झाली, चित्रपट निघाला. चित्रपटात प्रेम मोठं झालं आणि गाव लहान. मला तिथेच रुखरुख लागली.

मूळ पुस्तकात शेवटी जर्मन रेजिमेंट पॅरिसमध्ये शिरल्याचा वर्धापनदिन जहागिरदाराच्या तळ्याकाठी साजरा करत असते, आणि रशियाशी युद्ध सुरू झाल्याची बातमी येते. गाव आडोशाला उभं राहून दिवे, गाणी पाहत असतं. ज्यांचा द्वेष करायचा तीच पोरं आता पूर्वेला मरायला चालली आहेत, आणि हे पाहणाऱ्यांना नेमकं काय वाटतं ते त्यांनाच सांगता येत नाही. ब्रूनो निरोप घेतो. तुकडी रस्त्याला लागते आणि थोडी धूळ तेवढी मागे राहते.

घरात बेन्वा अजून लपलेला आहे. ल्युसीलच्या हातात ब्रूनोच्या सहीचा परवाना आहे, पेट्रोलचं कूपन आहे; त्याला गाडीत घालून पॅरिसला न्यायचं ठरलं आहे. तो प्रवास तिसऱ्या भागात होणार होता. वहीत त्याची टिपणं आहेत.